आईची दाढ आणि आजोबांच्या डोळ्यांजवळचे डाग

आईची जी दाढ काढली ती चांगली दाढ होती. पाटणच्या दातांच्या डॉक्टरांनी ती काढून तिच्या हातात दिली तेव्हा तिनंच ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "हिला तर कायबी झालेलं दिसत न्हाई." डॉक्टर म्हणाले, मूळ सडलेलं असतं, वरून कळत नाही. आईनं ते मान्य केलं. गाल सुजला, उतरला, आणि आठवडाभरात दुखणं पुन्हा जिथल्या तिथं.

आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, वीजगृहात कामाला होते. क्वार्टर्स उतारावर, बाजार खाली, त्यामुळे भाजी आणायची म्हणजे येताना चढ ठरलेला. आईची तक्रार होती की चढावर दात दुखतो. बसलं की थांबतो. आम्ही सगळे यावर हसायचो. आबा म्हणायचे, "तुझ्या दाताला पण घाट लागतो का?" आईसुद्धा हसायची आणि पिशवी खाली ठेवून रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर टेकायची. डाव्या जबड्याला हात लावून थोडा वेळ बसायची, मग उठून चालायला लागायची. त्यावेळी तिनं पन्नाशीही गाठली नव्हती.

मी सांगलीत शिकत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. दादा, माझा मोठा भाऊ, शिरवळच्या एका कारखान्यात लागला होता आणि तिथंच वहिनीबरोबर खोली घेऊन राहत होता. म्हणजे घरी आई आणि आबा दोघंच.

कोयनेला जमिनीचे धक्के नवीन नव्हते. भांडी वाजली की बाहेर पडायचं, वरच्या मैदानात जाऊन थांबायचं, शेजाऱ्यांशी चार गप्पा मारायच्या आणि परत यायचं, हे वसाहतीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं. त्या दिवशी दुपारी एक बऱ्यापैकी धक्का आला. आई पायऱ्या चढून मैदानात पोचली आणि खालीच बसली. तोंडाला घाम सुटलेला, एक हात जबड्यावर. बायकांना वाटलं, घाबरली. कुणी पाणी आणलं, कुणी पदरानं वारा घातला.

"मी भ्याले न्हाई," आई म्हणाली. "हितं किती हादरे खाल्ल्यात मी. माझा दात दुखतूय."

आबा पाळी संपवून आले ते बरं झालं. दाढ काढून झालेली असताना दात कसला दुखतो, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिला प्रकल्पाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला पट्ट्या लावून कार्डिओग्राम काढला आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. कऱ्हाडला पाचसहा दिवस ठेवलं. हृदयविकाराचा झटका होता, लहान होता, पण होता. पुढच्या तपासासाठी मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, असं त्यांनी सांगितलं. मी जवळ होते, म्हणून तेच सोयीचंही होतं.

मिरजेच्या हृदयरोगाच्या डॉक्टर एक बाई होत्या. बोलणं तुटक, पण ऐकून घेण्याची सवय चांगली. कागद बघण्याआधी त्यांनी आईला विचारलं, "नेमकं काय होतं, तुमच्या शब्दांत सांगा."

"चढावर दात दुखतोय," आई म्हणाली आणि आता हसतील म्हणून माझ्याकडं बघितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "तो दात नव्हता," त्या म्हणाल्या. "हृदयाला रक्त कमी पडलं की काहींना छातीत दुखतं, काहींना हातात, काहींना जबड्यात. बायकांचं बऱ्याचदा असं चुकीच्या जागी सापडतं. त्या डॉक्टरांना तुम्ही चढाचं सांगितलं होतं का?"

"त्येंनी इचारलंच न्हाई."

मग त्यांनी आईचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांजवळ बोट ठेवलं. तिथं दोन्ही पापण्यांवर पिवळसर, जरा फुगीर डाग होते. आम्ही ते लहानपणापासून बघत आलो होतो, म्हणजे बघतच नव्हतो.

"हे कधीपासून?"

"पोरं लहान व्हती तवापास्नं. शेजारीण म्हणायची, कोयनेचं पाणी मानवलंय तुला."

डॉक्टरांनी तिच्या हातांच्या बोटांची पेरं चाचपली, टाचेच्या वरची शीर चिमटीत धरून बघितली. ती जाड होती. रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि आबांना बसवून समजावलं. रक्तातली चरबी उचलून बाजूला करण्याचं काम यकृताचं असतं. काही घराण्यांत हे काम जन्मापासूनच अर्धंमुर्धं होतं. माणूस जाड असो की बारीक, तूप खाओ की न खाओ, रक्तात चरबी साचत राहते, नळ्यांच्या आतून थर बसत जातो. कधीकधी तीच चरबी पापण्यांवर आणि टाचेच्या शिरेत दिसते. हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं, आणि ज्याच्याकडं असेल त्याच्या प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते.

"मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन," आबा म्हणाले. "ही आणि हिचा भाऊ."

डॉक्टर माझ्या पापण्यांकडं बघत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यांनी आईला आणखी एक गोष्ट विचारली होती, जी मला तेव्हा विचित्र वाटली. जन्मली तेव्हा ती किती लहान होती, पहिली दोनचार वर्षं खायला काय होतं, हे. आई म्हणाली, "आये म्हणती, ज्वारीच्या पिठाचं पानी पाजून जगवली." आणि पुढं म्हणाली, "खायला व्हतं की. असंल तवा व्हतं."

माझं आजोळ कुंडलला. आईचं लहानपण तिथल्या आमच्या वस्तीत गेलं. तिच्या आईवडिलांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा ती शाळेत जाण्याइतकी झाली होती. त्याआधीची वर्षं आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं दुसऱ्याच्या रानात राबण्यातच गेली. आई पोटात असताना आजी शेवटच्या दिवसापर्यंत भांगलणीला, तण काढायला, जात होती. पोर झाल्यावर दूध पुरलं नाही. आई अंगानं कायम लहानखुरी राहिली. मग लग्न होऊन ती कोयनानगरला आली. दरमहा पगार, रेशनचा डबा भरलेला, डालडा, साखर, आठवड्याला मटण. पोटभर खाणं म्हणजे काय ते तिला विसाव्या वर्षी कळलं आणि ती आनंदानं जेवली. हातपाय बारीकच राहिले, पोट तेवढं सुटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आईच्या पोटात आणि पहिल्या दोनतीन वर्षांत जे बाळ उपाशी राहतं, त्याचं शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. मिळेल ते साठवून ठेवतं. पुढं भरपूर मिळायला लागलं की तेच शिकलेलं अंगावर येतं. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हृदयावर ताण येतो. अलीकडं हे बऱ्याच ठिकाणी दिसायला लागलंय. यांच्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. कशाचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही."

मग त्यांनी मला काम दिलं. हे आईच्या आईकडून आलं की वडिलांकडून, ते विचारून यायचं.

रविवारी मी कुंडलला गेले. आजी दारात शेंगा फोडत बसली होती. सत्तरीला टेकलेली, काटक, अजून स्वतःचं पाणी स्वतः भरणारी. आजोबांना मी कधी पाहिलं नव्हतं. आई लहान असतानाच ते गेले, एवढंच माहीत होतं. कसे गेले, हे मी पहिल्यांदाच विचारलं.

"उसाच्या गाडीवर मोळ्या चढवत व्हता," आजी म्हणाली. "एक मोळी उचलली आन खालीच बसला. छातीवर हात ठिवून. मी पानी घिऊन जाईस्तवर संपलं व्हतं. लोकं म्हणली, भायरचं झालं. पस्तिशीबी न्हवती गं त्येची."

"आजी, त्यांच्या डोळ्यांजवळ काही डाग होते का? आईसारखे?"

तिचे हात थांबले. "व्हते की. पिवळं. मी चिडवायची त्येला, हळद लागल्याली धुतली न्हाईस म्हणून." हातातली शेंग तिनं न फोडताच सुपात टाकली. "त्येचं काय?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. आजोबांच्या रक्तातून आईच्या रक्तात आलंय. मग नको ते पण सांगून बसले, म्हणजे लहानपणच्या उपासमारीचं. लपवायचं माझ्या मनात आलं नाही. मला वाटलं, दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत, दोन्हींत कुणाचा दोष नाही.

आजीला तसं वाटलं नाही.

"म्हंजी मी तिला उपाशी ठिवली म्हणून?"

"तसं नाही आजी. तूच उपाशी होतीस."

"व्हते की. पर पोर माझ्याच पोटात व्हती न्हवं?" ती म्हणाली. "दूध हुतं गं गावात. ज्येंच्या रानात राबायची त्येंच्या दावणीला तीन म्हशी व्हत्या. ताक मागायला गेलं की वरनं भांड्यात वतायचे. त्येबी रोज न्हाई. मी त्या ताकात पीठ कालवायची." ती रडली नाही. आवाजही चढला नाही. ती उठली, हात धुतले, धाकट्या मामाला हाक मारली आणि म्हणाली, "मी मिरजला चाललेय. त्या डाक्टरनीला मलाच इचारायचंय."

मामानं समजूत काढली, मीही काढली. तिनं आमचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो.

दवाखान्यात आईच्या खाटेजवळ आजी उभी राहिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डॉक्टर फेरीवर आल्या तशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"बाई, मी हिची आय. हिच्या काळजाला जे झालंय ते माझ्यामुळं व्हय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग हातातले कागद परिचारिकेकडं दिले आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. आजीलाही बसायला सांगितलं.

"आजी, तुमच्याबरोबर वस्तीत आणखी कुणाला मुलं झाली होती का तेव्हा?"

"झाली की. धा-बारा जणींला."

"त्यातली जगली किती?"

आजीनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "निम्मीबी न्हाई."

"तुमची जगली. पिठाच्या पाण्यावर जगली. तिला दोन मुलं झाली, ती शिकली. हे तुमच्यामुळं झालं. तुम्हाला पोटभर मिळालं नाही, ते तुमच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं त्यांना कुणी विचारायला गेलं नाही, तुम्ही स्वतःलाच विचारताय."

आजीनं हे सगळं ऐकलं. पटलं की नाही कळलं नाही. डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासायला घेतलं, कार्डिओग्राम काढला. दोन्ही चांगले निघाले. "तुमचं हृदय उत्तम आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझंच हिला दिवा की. मला आता कशाला लागतंय?" आई खाटेवरून म्हणाली, "आये, गप बस गं." आणि मग दोघीही हसल्या. आजी चार दिवस दवाखान्यातच राहिली. आईला स्वतःच्या हातानं भरवायची. आई म्हणायची, मी काय लहान हाय का. पण तोंड उघडायची.

माझं रक्त तपासलं. सगळं योग्य प्रमाणात होतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि दादाचा विचार येताच ते सुटणंही नकोसं झालं.

दादा आमच्या घरातला सगळ्यात धडधाकट माणूस. उंच, रुंद, वसाहतीच्या कबड्डी संघात खेळलेला. आईनं लहानपणी स्वतःला जे मिळालं नाही ते सगळं त्याला दिलं होतं, दूध, अंडी, लोण्याचा गोळा. त्याला तपासणीचं सांगितलं तर म्हणाला, "आईचं वेगळं. ती उपाशी वाढली. मी दूध पिऊन वाढलोय." हे आम्हालाही पटण्यासारखं होतं. पण कारखान्यातले बूट टाचेवर घासतात अशी त्याची जुनी तक्रार होती, आणि मी शिरवळला गेले तेव्हा त्याची टाच बघितली. वरची शीर दोरखंडासारखी जाड होती. आईसारखीच.

त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, बुटामुळं झालंय.

वहिनीला तेव्हा चौथा महिना होता. ती स्वभावानं शांत. भाकरी थापता थापताच, वर न बघता, ती म्हणाली, "तुमच्या आजोबांना कुणी सांगणारं नव्हतं. तुम्हाला सांगायला बहीण गाडीत बसून आलीय. मला उसात बसलेला नवरा नको."

दादा जेवला नाही. तसाच उठून बाहेर गेला. सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, रक्त द्यायला तयार होऊन उभा होता.

त्याच्या चरबीचा आकडा आईपेक्षाही जास्त निघाला. सव्विसाव्या वर्षी. सरकत्या पट्ट्यावर पळवून तपासलं तेव्हा हृदय ठीक होतं, नळ्यांना अजून त्रास झालेला नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला त्यावेळी नुकतीच मिळू लागलेली एक गोळी सुरू केली आणि बजावलं, ही ताप उतरेपर्यंतची गोळी नाही, आयुष्यभराची आहे. सिगारेट त्या दिवसापासून बंद. तो मला म्हणाला, "इतकं दूध पिऊन काय उपयोग झाला गं?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, आईसारखी उपासमार तुझ्या वाट्याला आली नाही, म्हणून तुझ्याकडं आईपेक्षा जास्त वेळ आहे." डॉक्टर अगदी असं म्हणाल्या नव्हत्या. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ मी तसा घेतला होता.

आईची अँजिओग्राफी पुण्यात झाली आणि महिन्याभरानं तिथंच बायपास. पायातली नस काढून हृदयाला जोडली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आबा चप्पल काढून बसले होते, का ते त्यांनाच माहीत. आई शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा म्हणाली ते असं, "दात दुखत न्हाई." नंतर छातीचं हाड दुखायला लागलं तेव्हा मात्र तिनं सगळ्यांना नको नको केलं.

ती कोयनानगरला परत आली तेव्हा वहिनीही बाळंतपणासाठी आमच्याकडंच आली. तिचं माहेर लांब होतं, आणि आईनंच हट्ट धरला. आमच्या घरात, आजूबाजूच्या सगळ्याच घरांत, पुरुष आधी जेवायचे, मग मुलं, आणि बायका उरलेलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण होतं. आई परत आल्यावर पहिल्या रात्री आबा पाटावर येऊन बसले. आईनं ताट वाढलं, अंडं, मेथीची भाजी, हरभऱ्याची उसळ, भाकरी, आणि ते आबांसमोर न ठेवता वहिनीसमोर ठेवलं.

वहिनी गोंधळली. "मामंजींना आधी द्या."

"त्येंच्या पोटात कोण न्हाई," आई म्हणाली. "तू जेव."

वहिनीचं होईपर्यंत आबा तांब्यातलं पाणी पीत बसले. दुसऱ्या दिवशी ते येताना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घेऊन आले आणि वहिनीच्या ताटाशेजारी ठेवल्या. तेव्हापासून आमच्याकडं जेवणाचा क्रम बदलला तो बदललाच. डालडा गेला. भजी सणापुरती उरली. आईनं आबांनाही चढावर रोज चालायला लावलं आणि स्वतः त्यांच्यापुढं चालायला लागली.

मुलगी झाली. भरल्या अंगाची, कऱ्हाडच्या परिचारिका कौतुकानं उचलून दाखवत होत्या. आजी कुंडलहून आली, बाळाला मांडीवर घेऊन पापण्या निरखत बसली. नवजात पोरीच्या डोळ्यांत काय दिसणार? मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "बघू दे मला." वहिनी दीड वर्ष अंगावर पाजत होती आणि आई तिला दीड वर्ष वाढत होती.

पोरीचं रक्त कधी तपासायचं यावर दादा टाळाटाळ करत राहिला. मोठी झाली की करू, शाळेत गेली की करू. मला त्याचं समजत होतं. न तपासलेल्या रक्तात निम्मी आशा असते. शेवटी वहिनीच तिला घेऊन मिरजेला गेली, बालवाडीत घालायच्या आधी. मी बरोबर होते. सुई टोचताना पोर एकदाच ओरडली, मग बिस्किटाकडं वळली.

आकडा वाढलेला होता. दादासारखाच.

वहिनीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता गोळी नाही. आत्ता फक्त नीट खाणं आणि भरपूर पळणं. मोठी झाल्यावर गोळीचं बघू. हिच्या पणजोबांना हे कधी कळलंच नाही, आजीला झटका आल्यावर कळलं, बापाला तरुणपणी कळलं. हिला चौथ्या वर्षी कळलंय. फरक यानंच पडतो."

शिरवळला परत येताना पोर खिडकीशी बसली होती. दादा स्टँडवर घ्यायला आला होता. वहिनीनं मानेनंच सांगितलं. त्यानं पोरीला खांद्यावर घ्यायला हात पुढं केले, तर वहिनी म्हणाली, "नको. चालू दे तिला."

मग ते तिघं पुढं आणि मी मागं, असं आम्ही घरापर्यंत चालत गेलो.